ज्वारी एक, पंगती अनेक

वर्धा नदीने पूर्वेकडून आणि पैनगंगेने दक्षिणेकडून सीमाबद्ध केलेला, काळ्या कसदार जमिनीच्या खोऱ्यांनी आणि सागाच्या डोंगराळ रानांनी आळीपाळीने व्यापलेला यवतमाळ जिल्हा इतिहासग्रंथांत बहुधा कापसाच्या निमित्ताने प्रवेश करतो. मोगली अंमलात कळंब आणि माहूर या सरकारांत वाटलेला, काही काळ चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेची छाया पाहिलेला, पुढे निजामाच्या दौलतीत समाविष्ट झालेला आणि १८५३ च्या तहाने हैदराबादच्या पलटणींच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली झालेला हा मुलूख काही काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून घेऊन यवतमाळ या नावाने उभा राहिला. या प्रत्येक अंमलाने आपापली दफ्तरे निर्माण केली. परगणे, कसबे, मौजे आणि इजारे यांच्या नोंदी केल्या, जमिनीची मोजणी केली, रयतेकडून किती महसूल यावयाचा हे ठरविले. परंतु या मुलखात कोण कोणाचा होता, कोण उंबरठ्याच्या आत येत होता आणि कोणाला अंगणातच थांबावे लागत होते, याचे उत्तर त्या दफ्तरांत क्वचितच सापडते. ते शोधावयाचे तर खळ्यावर, चुलीपाशी आणि पंगतीत जावे लागते.

यवतमाळच्या गावांत अन्न पुष्कळ अंशी एकच होते. पाटलाच्या वाड्यात जी ज्वारी दळली जात होती तीच गावकुसाबाहेरच्या झोपडीतही दळली जात होती. तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा यांना जात नव्हती. मात्र ती ज्वारी एका घरात स्वतःच्या शेतातून येत होती, दुसऱ्या घरात बलुत्याचा हक्क म्हणून, तिसऱ्यात वर्षभराच्या सालाचा मोबदला म्हणून, चौथ्यात शिधा म्हणून आणि पाचव्यात दाराशी उभे राहून मागितलेली भाकर म्हणून. धान्याचा दाणा तोच, पण तो ज्या वाटेने पोटात जाई त्या वाटेवर माणसाची प्रतिष्ठा ठरत होती. म्हणून या जिल्ह्याच्या खाद्यजीवनाचा इतिहास हा पदार्थांच्या नामावळीचा इतिहास मानता येत नाही. तो देण्याघेण्याच्या रीतींचा आणि त्या रीती बदलू पाहणाऱ्या माणसांच्या झगड्याचा इतिहास आहे, असे मला निःशंकपणे वाटते.

प्रथम त्या समाईक अन्नाकडे पाहू. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेली ज्वारी, तिच्या तासांमधून लावलेली तूर आणि धुऱ्याच्या कडेने उभी राहिलेली अंबाडी हे वऱ्हाडच्या शेताचे जुने रूप होय. ज्वारीची भाकर हे मुख्य अन्न. ती भरडून शिजविलेल्या कण्या आणि आंबवून केलेली आंबील हे कष्टकऱ्यांचे अन्न. गहू सणासुदीला पुरणाच्या पोळीपुरता आणि भात पाहुण्यापुरता. अंबाडीचे महत्त्व या सर्वांत निराळे आहे. तिच्या सालीचा वाख होऊन त्याचे दोर वळले जात आणि तिचा आंबट पाला, थोड्या डाळीत आणि कण्यांत शिजवून वर मिरची-लसणाची फोडणी दिली म्हणजे, घरातल्या सर्वांच्या भाकरीला पुरे. पैनगंगेच्या पलीकडे तेलुगू मुलखात हाच पाला तितक्याच आवडीने खाल्ला जातो. आणि केळापूर, वणी या सरहद्दीच्या तालुक्यांत शतकानुशतके राहून मराठी झालेल्या, ज्यांच्या आडनावांच्या शेवटी अद्याप ‘वार’ हा प्रत्यय टिकून आहे अशा कोमटी, कापेवार इत्यादी घराण्यांत चिंचेच्या साराबरोबर आणि भाताबरोबर ही अंबाडी दोन्ही भाषांच्या स्वयंपाकघरांत सारख्याच हक्काने वावरते. राज्यांच्या आणि भाषांच्या सरहद्दी जेथे आखल्या गेल्या तेथे अन्नाची सरहद्द आखली गेली नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

पण सरहद्द गावाच्या आत होती. सुगीच्या दिवसांत ज्वारीची सोंगणी होऊन कणसे खळ्यावर आली, मळणी झाली, वाऱ्यावर उफणून स्वच्छ रास उभी राहिली की तिची पूजा होई आणि त्या राशीभोवती गावाचा सबंध व्यवहार गोळा होई. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, महार, मांग आदी बलुतेदार आपापल्या हक्काचे सूप-पायलीभर धान्य नेण्यासाठी येत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त देशावरच्या ज्या व्यवस्थेचे चित्र रेखाटले तिचीच वऱ्हाडी आवृत्ती येथे नांदत होती. या व्यवस्थेत एक प्रकारची शाश्वती होती हे नाकारता येणार नाही. पीक बुडाले तर सर्वांचे बुडत होते आणि साधले तर सर्वांच्या कणगीत काहीतरी पडत होते. तथापि कोणी प्रथम यावे, कोणाच्या सुपात राशीचे स्वच्छ धान्य पडावे आणि कोणी खळ्याच्या तळाची मातीमिश्रित कणसे झाडून न्यावीत, याचा क्रमही तितकाच पक्का होता, आणि त्या क्रमाला आव्हान देणे म्हणजे सबंध गावाला आव्हान देणे होते.

या क्रमाचा गाभा समजून घ्यावयाचा असेल तर कच्चे आणि शिजविलेले अन्न यांतील भेदाकडे लक्ष द्यावे लागते. सुखवस्तू कुणबी शेतकऱ्याच्या घरी सण असला म्हणजे तो ब्राह्मणाला शिधा देई. पीठ, डाळ, तूप, गूळ, मीठ हे सर्व कोरे, अस्पर्शित आणि ताटात रचलेले, कारण त्याच्या चुलीवर शिजलेले अन्न ब्राह्मण ग्रहण करीत नसे. त्याच दिवशी, त्याच घरातून, पंगत उठल्यानंतर उरलेली पोळी आणि वरण महाराच्या टोपल्यात पडत असे. वरच्या दिशेने जाणारे अन्न कच्चे आणि आदराने मांडलेले, खालच्या दिशेने जाणारे शिजलेले आणि बहुतेक वेळा उरलेले. आणि देणारा हात मात्र एकच. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चार खंडी ग्रंथात रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील जातींची जी वर्णने लिहिली, त्यांत ही जात कोणाच्या हातचे खाते आणि कोणाच्या हातचे खात नाही ही बाब पुनःपुन्हा येते. परक्या सरकारच्या अधिकाऱ्यांनाही हे उमगले होते की या समाजाची रचना जाणावयाची तर त्यातल्या माणसाला त्याचे ताट विचारावे लागते.

महारांच्या बाबतीत ही रचना सर्वांत निष्ठुर होती. गावाची राखण, सरकारी निरोप, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, वाटसरूला वाट दाखविणे ही कामे करणाऱ्या माणसाला त्याच्या मोबदल्यातला एक भाग म्हणून दारोदार भाकर मागावी लागावी आणि ती भाकर त्याचा हक्क असूनही त्याला भिकेच्या स्वरात मागावी लागावी, यात केवढा अपमान साठविलेला होता, हे ज्यांच्या घरांतून ती दिली जात होती त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळी-उष्टी भाकर यांचा त्याग करण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीस वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि विदर्भातील गावोगावच्या वस्त्यांत तिचे जे परिणाम झाले त्यांतला एक अत्यंत मूलगामी परिणाम चुलीवर झाला. भाकर मागावयास जाणे बंद झाले, ढोरे ओढणे बंद झाले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने दिलेल्या अन्नावर ज्यांची ओळख लादली गेली होती त्यांनी ते अन्न नाकारून आपली ओळख स्वतः निर्माण केली. त्या नकाराची किंमत थोडी नव्हती. मागितलेली भाकर गेली म्हणजे त्या रात्रीचे जेवण गेले. आणि तरीही ती किंमत घरोघरच्या बायामाणसांनी मोजली. यवतमाळच्या सामाजिक इतिहासात याहून धैर्याची गोष्ट क्वचितच घडली असेल.

मैदानातल्या गावांतून निघून मारेगाव, झरी, घाटंजी, राळेगाव, केळापूर या भागांतल्या रानाकडे वळले की अन्नाचा निराळाच न्याय दृष्टीस पडतो. येथे गोंड, परधान, कोलाम आणि पश्चिमेकडे पुसद-उमरखेडच्या डोंगरांत आंध अशा जमाती राहतात. गोंडांमध्ये सोयरीक ठरते ती कुळाच्या देवांच्या संख्येवरून. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात आणि एका गटाच्या आत विवाह होत नाही. देवाच्या पूजेला कोणी एकत्र बसावयाचे आणि सोयरे म्हणून कोणाला बोलवावयाचे, हे याच हिशेबाने चालते. गोंडांचे भाट म्हणून किंगरीवर त्यांच्या कुळांच्या कथा गाणारे परधान त्यांच्याकडून धान्य आणि मान घेत; परंतु परधान गोंडाच्या हातचे खाई आणि गोंड परधानाच्या हातचे खात नसे. ज्याच्या मुखातून आपल्या देवाची कथा ऐकावयाची त्याच्या हातचा घास मात्र घ्यावयाचा नाही, हा विरोध रानातही होता, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

कोलामांची स्थिती यांहून वेगळी. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाच्या मध्यभागी चावडी असते आणि तेथे सर्वांचे निर्णय होतात. महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. संपत्तीने सर्वांत दुर्बळ असलेल्या या लोकांना त्यांचे शेजारी गोंड मात्र या भूमीचे आद्य रहिवासी मानून स्थानिक देवतांच्या पूजेचा मान देत आले, असे पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत १९४० च्या दशकात राहून अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे. गोंड आणि कोलाम या दोहोंतही नवे पीक देवाला आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही, असा दंडक आहे. घरात धान्य संपलेले, शेतात कणीस भरलेले, आणि तरीही पूजेच्या दिवसापर्यंत थांबावयाचे, या संयमात त्या समाजाचे एकत्व दृढ होई. कारण त्यामुळे कोणीही एकटा, इतरांच्या आधी, नव्या अन्नाला हात लावीत नसे.

रानाने या लोकांना मोहाची फुले दिली, टेंभरे दिली, चारोळी दिली, पहिल्या पावसानंतर उगवणारा तरोटा आणि वेलीवरची काटवले दिली. चैत्रातल्या पहाटे बायका आणि मुले मोहाखाली पडलेली फुले वेचीत आणि ती वाळवून ठेवीत; पावसाळ्यात ज्वारी संपली म्हणजे भाजलेले, उकडलेले मोह हेच अन्न होई. मोहाची दारू सोयरीक जुळविताना, पूर्वजांना तर्पण करताना आणि पंचायतीचा तंटा मिटविताना आवश्यक मानली जात होती. इंग्रजी अंमलात जंगले राखीव झाली आणि दारूवर आबकारीचे नियंत्रण बसले, तेव्हा या जमातींचे अन्न आणि पेय ही दोन्ही एकाएकी गुन्ह्याच्या कक्षेत आली. गुरांच्या चाऱ्याचा आणि जळणाचा प्रश्न सर्वच रयतेला भेडसावू लागला. वणीस जन्मलेले आणि यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदला राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला तो याच दुखावलेल्या नसेवर बोट ठेवून. त्या सत्याग्रहाचे राजकीय महत्त्व आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या मुळाशी चुलीतले लाकूड आणि दावणीचा चारा होता, हे विसरता कामा नये.

पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागांतील बंजारा तांड्यांचा इतिहास तर अन्नाच्या वाहतुकीचाच इतिहास आहे. मोगलांच्या आणि दक्षिणेतील सत्ताधीशांच्या फौजांना धान्य पुरविणारे, किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवरून वऱ्हाडात आणणारे आणि परतीच्या वाटेवर कापूस, धान्य नेणारे हे लोक एका अर्थाने दक्षिणेच्या पोटाची सोय पाहत होते. १८६७ मध्ये बडनेरा-धामणगावच्या वाटेने लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मापाची गाडी कापूस वाहू लागली; तेव्हा लदेणीच्या बैलांचा धंदा बुडाला आणि तांडे ओसाड जमिनींवर, इजाऱ्याच्या, म्हणजे मक्त्याने दिलेल्या, गावांच्या कडेने स्थिरावले. ‘इजारा’ हा शब्द आजही या जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांना चिकटलेला आहे. इतरांचे अन्न वाहणाऱ्यांना आता स्वतःचे अन्न पिकवावे लागले. तरीही तांड्याने आपली ओळख जपली. नाईक आणि कारभारी यांच्या समोर गूळ वाटल्यावाचून सोयरीक पक्की होत नाही. सेवालाल महाराजांच्या नावाने कढईत शिजलेला गोड प्रसाद सर्व तांड्याला वाटला जातो. आणि बोकड कापला म्हणजे त्याच्या रक्ताची आणि आतड्यांची सळोई शिजते, जिची चव तांड्याबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या पदार्थाकडे बाहेरच्यांनी नाके मुरडली तोच पदार्थ तांड्याने अभिमानाने राखला.

अशाच तांड्यातून, पुसदजवळच्या गहुलीत, १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या ब्राह्मण घराण्यातील वत्सलाबाई घाटे यांच्याशी विवाह केला. ज्या समाजात एकमेकांच्या हातचे पाणी घेण्यास लोक कचरत होते त्या समाजात दोन चुली एक करण्याचे हे पाऊल होते. पुढे १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीच्या प्रसारासाठी त्यांनी आपली सत्ता खर्ची घातली, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातील अत्यंत सुसंगत गोष्ट वाटते. धान्य वाहणाऱ्यांच्या कुळातला पुरुष राज्याच्या कणगीची चिंता वाहत होता.

गावातल्या मुसलमान कुटुंबांशी असलेले अन्नाचे नातेही या पटात गुंफलेले आहे. मुलाणी हा बलुतेदार. बोकड कापण्याचा हक्क त्याचा, आणि पिराच्या दर्ग्यावर नवसाची कंदुरी करणाऱ्यांत हिंदू शेतकरीही असत. मोहरमचे सरबत आणि मलिदा गावातील सर्व मुले खात. एकत्र बसून जेवणे नसेल, परंतु एकमेकांच्या नवसात भागीदारी होती; आणि शेजारधर्माची ही पातळी पुष्कळदा पंगतीच्या पातळीहून उंच ठरत होती.

पंगत जोडत होती तशीच तोडतही होती. जातीच्या नियमाचा भंग केलेल्या माणसाला वाळीत टाकणे म्हणजे व्यवहारात त्याला पंगतीतून उठविणे. त्याच्या घरी कोणी जेवावयाचे नाही, त्याला कोणी आवतन द्यावयाचे नाही. परत यावयाचे तर दंड भरून सबंध गोताला जेवण द्यावे लागे, आणि जातीचा प्रमुख त्याच्या ताटातला पहिला घास घेई तेव्हा तो शुद्ध झाला असे समजत. या एका जेवणापायी कित्येकांची जमीन सावकाराकडे गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा शतकांच्या या पंक्तिबहिष्काराला गुन्ह्याचे नाव मिळाले. तेरवीच्या जेवणाचाही भार असाच. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आपल्या मुलीच्या बारशाला, जातीच्या रूढीप्रमाणे मांस आणि दारू न देता गोडाचे जेवण दिले. तेव्हा तो रूढीविरुद्धचा पहिला उठाव ठरला. पुढे आयुष्यभर त्यांनी कर्ज काढून जेवणावळी घालू नका असे सांगितले आणि स्वतः घातलेल्या अन्नदानात जातीचा विचार येऊ दिला नाही. वऱ्हाडच्या पंगतीला नवे वळण लावणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

मालक आणि मजूर यांचे नाते उघड होई ते पोळ्याला. आदल्या दिवशी खांदशेकणी होई. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन त्याच्या कानात दिले जाई. पोळ्याला तोरणाखाली मानाच्या क्रमाने जोड्या उभ्या राहत, झडत्या म्हटल्या जात, आणि घरी परतल्यावर बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य देऊन मग सालदाराला जेवावयास वाढले जाई. ज्याने वर्षभर नांगर धरला, ज्याचे साल पाडव्याला ठरले आणि ज्याच्या मोबदल्यात काही कुडव ज्वारी होती, त्या माणसाला मालकिणीने स्वतः वाढावे, त्याला नवे कपडे द्यावेत, हा त्या दिवसाचा नियम. त्या एका दिवसाच्या आदराने उरलेल्या दिवसांचा कष्ट कमी होत नव्हता. परंतु ज्याच्या श्रमावर आपले अन्न उभे आहे त्याचे ऋण मान्य करण्याची एक विधिवत संधी समाजाने राखून ठेवली होती, आणि ट्रॅक्टर आल्यानंतर तिची जागा घेणारे दुसरे काही आपण निर्माण केले नाही.

या सर्व पंगतींच्या शेवटी, सर्वांचे उरकल्यावर, स्त्री जेवत असे. जात कोणतीही असो, दळणे, पाणी आणणे, भाकरी थापणे, रानातील भाजी ओळखणे आणि अंबाडी वाळवून पावसाळ्यासाठी ठेवणे हे ज्ञान तिचे. आणि टोपल्यात उरेल ते तिचे. दुष्काळात घर कोणी वाचविले हे विचारले तर तरोट्याचा कोवळा पाला कोणता, मोह किती वेळ उकडावा, एका भाकरीचे पीठ कण्यांत मिसळून चौघांना कसे पुरवावे, हे जाणणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत.

दुष्काळाचे नाव काढले म्हणजे कापसाकडे यावेच लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या शेतात पूर्वी प्रामुख्याने ज्वारी उभी राहत होती तेथे कापूस वाढत गेला. पेवांत वर्षानुवर्षे साठवून ठेवलेली ज्वारी हळूहळू बाजाराच्या वाटेने निघून गेली. हाती रोकड आली, पण अन्न विकत घेण्याची वेळ आली. १८९६-९७ आणि त्याहून भीषण असा १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा पेवे रिकामी होती आणि बलुत्याची शाश्वतीही ढासळलेली होती. खळ्यावरचा हक्क बाजारात चालत नाही, हे सुतार-लोहारांपासून महार-मांगांपर्यंत सर्वांना त्या दुष्काळांनी शिकविले. १९७२ च्या अवर्षणात परदेशी मिलो आणि रोजगाराच्या कामावर वाटलेली सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्यानंतर रेशनच्या दुकानातील गहू-तांदूळ आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सोयाबीन आले. आज ज्वारी पिकविणारा शेतकरी या जिल्ह्यात विरळा झाला आहे, आणि एके काळी गरिबाची मानली गेलेली भाकर शहरात पोळीहून महाग झाली आहे.

तथापि या भाकरीचे एक नवे रूपही पुढे आले आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात एका घरासमोर टाकलेल्या पत्रावळीतील उष्टी शिते वेचून खाताना गजानन महाराज प्रथम दिसले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्यांच्या प्रकटदिनी यवतमाळच्या गावोगावी भंडारे होतात आणि त्यांत पिठले, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरची हा प्रसाद असतो. ज्या अन्नाला सणाच्या ताटात स्थान नव्हते ते अन्न देवाच्या नावाने, एका रांगेत बसलेल्या सर्वांना वाढले जाते. मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण यांच्या पंगतीतही आज पूर्वीइतका कडक क्रम उरलेला नाही. येथे अन्नाने पूर्वीचे काही अपराध धुऊन काढावयास प्रारंभ केला आहे, असे मी मानतो. प्रारंभ म्हणतो, कारण अद्याप प्रत्येक गावात प्रत्येक वस्तीचा माणूस वाढावयास उभा राहिलेला नाही.

आणखी एक रीत अगदी अलीकडची आहे आणि तिचे मूळ याच जिल्ह्यात आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपले जीवन संपविले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. धान्य पिकविणाऱ्याच्या घरात निराशा शिरली असता ते धान्य खाणाऱ्यांनी एक दिवस उपाशी राहून त्याचे ऋण मान्य करावे, हा विचार या भूमीतल्या जुन्या खाद्यरीतींच्या कुळातलाच आहे. पोळ्याला मालक सालदाराला वाढीत असे. अन्नत्यागाच्या दिवशी खाणारा पिकविणाऱ्यासाठी आपले ताट बाजूला सारतो. समाजाला आपली नाती व्यक्त करण्यासाठी शेवटी अन्नाचाच आधार घ्यावा लागतो, एक तर ते देऊन किंवा ते नाकारून.

म्हणून यवतमाळच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करावयास जे तरुण आज पुढे येत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रोडग्याची कृती, सळोईचा मसाला आणि अंबाडीची फोडणी अवश्य लिहून घ्यावी; पोडावरच्या, तांड्यावरच्या आणि बौद्ध वस्तीवरच्या वृद्ध स्त्रियांना त्यासाठी प्रथम भेटावे, कारण त्यांच्याकडचे ज्ञान सर्वांत थोडे लिहिले गेले आहे. परंतु कृतीपाशी थांबू नये. हे अन्न कोणी पिकविले, कोणी शिजविले, कोणाला प्रथम वाढले, कोणाला बाहेर थांबविले आणि कोणी ते एके दिवशी घेण्याचे नाकारले, हे पाच प्रश्न प्रत्येक पदार्थाला विचारावेत. उत्तरे पुष्कळदा आपल्याच घराण्याला लाज आणणारी निघतील. तरीही ती लिहावीत. कारण ज्वारी सर्वांची होती हे सत्य आहे आणि पंगत सर्वांची नव्हती हेही सत्य आहे; या दोहोंची नोंद शेजारी शेजारी झाली तरच पुढच्या पिढीला पंगत सर्वांची करण्याचे कर्तव्य कळेल.